आम्हाला दुसऱ्यांदा जाऊ द्या : भूगोलाच्या अभ्यासमंडळांना खुले पत्र

विद्यापीठांतील भूगोल अभ्यासमंडळांच्या सन्माननीय सदस्यांस,

सविनय नमस्कार.

२१, २४, ३७. पदवीच्या पहिल्या वर्षी एका ओढ्याच्या काठावर बसून मी वहीत लिहिलेले हे तीन आकडे. काठावर दहा मीटर अंतराने दोन खुणा केल्या होत्या. वरच्या खुणेपाशी मैत्रीण लाकडाचा तुकडा पाण्यात सोडायची आणि खालच्या खुणेपाशी मी घड्याळ घेऊन उभी असायची. पहिल्यांदा तुकडा २१ सेकंदांत आला, दुसऱ्यांदा २४. तिसऱ्यांदा तो आतल्या काठाकडे सरकला, दोन मोठ्या दगडांच्या मागे गोल गोल फिरला आणि मग वाट काढत खाली आला. ३७ सेकंद. शिक्षकांनी वही पाहिली आणि म्हणाले, "हे ३७ चुकलंय. खोड आणि परत घे." परत घेतलं, २२ आलं. सरासरी नीट जमली, जर्नलवर सही झाली आणि आम्ही परतीच्या बसमध्ये जाऊन बसलो.

त्या ३७ बद्दलच मला आपल्याशी बोलायचं आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा शेवटचा प्रकल्प मी नुकताच सादर केला आहे. पाच वर्षांत संशोधन पद्धती हा विषय मी दोनदा शिकले, दोन्ही वेळा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले. तरीही संशोधन म्हणजे काय हे मला वर्गाबाहेर, आधी पाहिलेल्या जागी पुन्हा जाऊन केलेल्या आणि अभ्यासक्रमात जागाच नसलेल्या दोन फेऱ्यांमध्ये कळलं. ती जागा अभ्यासक्रमात असावी एवढीच माझी विनंती आहे. ती का असावी, हे मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल.

आधी ओढ्याचंच पूर्ण करते. पृष्ठभागावर तरंगणारी वस्तू वापरून वेग काढला की त्याला साधारण ०.८५ ने गुणायचं असतं, कारण वरचं पाणी जोरात जातं आणि तळाशी घासणारं पाणी मागे राहतं. हे आम्हाला शिकवलं होतं. २१, २४ आणि २२ ची सरासरी घेतली की सरासरी वेग सेकंदाला ०.३८ मीटर येतो. २२ ऐवजी ३७ ठेवला तर तोच ०.३१ वर येतो. पात्राच्या छेदाच्या क्षेत्रफळाला या वेगाने गुणलं की विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी, मिळतो. म्हणजे एका खोडलेल्या आकड्याने ओढ्यातलं पाणी पाचव्या हिश्शाहून जास्त वाढवलं होतं.

शेवटच्या वर्षी मी पुन्हा त्याच ठिकाणी गेले, एकटी, सुट्टीच्या दिवशी. तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं की आमच्या दोन खुणा एका वळणावर होत्या. बाहेरच्या काठाला पाणी वेगाने धावत होतं, आतल्या काठाला जवळजवळ थांबलेलं होतं, दगडांच्या मागे तर उलटं फिरत होतं. तो तुकडा खरं तेच सांगत होता. चूक मोजण्यात नव्हती, जागा निवडण्यात होती. अशा ठिकाणी ३७ खोडायचं नसतं आणि डोळे मिटून सरासरीतही मिसळायचं नसतं. एक तर सरळ वाहणारा पट्टा शोधायचा, नाहीतर पात्राची रुंदी उभ्या भागांत वाटून प्रत्येक भागाची खोली आणि वेग वेगळा मोजायचा आणि मग बेरीज करायची. तुकडा फांदीत अडकला म्हणून आकडा बाद करायचा असेल, तर तेही करता येतं. फक्त का बाद केला ते शेजारी लिहून ठेवायचं. हे सगळं आमच्या पाठ्यपुस्तकात होतं. पण ते मला वळणावर उभं राहिल्यावर, आणि तेही दुसऱ्यांदा, उमगलं.

आता अभ्यासक्रमाकडे वळते. संशोधन पद्धतीचा पेपर एका सत्रात असतो, संख्याशास्त्र दुसऱ्या, जीआयएस (संगणकावर नकाशे करण्याचं आणि तपासण्याचं तंत्र) तिसऱ्या, क्षेत्रभेट कुठल्यातरी सुट्टीला लागून आणि प्रकल्प अगदी शेवटी. या पाच गोष्टींची एकमेकींशी गाठ कधी पडतच नाही. पद्धतीच्या पेपरात आम्ही संशोधनाचे प्रकार, चांगल्या गृहीतकाची वैशिष्ट्यं, प्रश्नावलीचे गुणदोष आणि नमुना निवडीच्या पद्धती पाठ करतो. परीक्षेत "स्तरित नमुना निवड (लोकांचे गट पाडून प्रत्येक गटातून काहींना निवडणं) स्पष्ट करा" असा प्रश्न येतो आणि आम्ही तो सोडवतो. चार सत्रांनंतर प्रकल्पाची वेळ येते तेव्हा मात्र सगळ्यांचं शीर्षक एकाच साच्यातलं असतं : अमुक भागाचा भौगोलिक अभ्यास. या शीर्षकात प्रश्नच नाही. प्रश्न नसला की कोणतीही पद्धत चालते आणि कोणताही निष्कर्ष बसतो. आमच्या विभागाच्या ग्रंथालयात मी जुने अहवाल बरेच चाळले. गृहीतक चुकीचं ठरलं असं सांगणारा एकही अहवाल मला सापडला नाही. आधी माहिती गोळा करायची, तक्ते करायचे, त्यातून जे दिसेल ते गृहीतक म्हणून पहिल्या प्रकरणात लिहायचं आणि शेवटच्या प्रकरणात ते सिद्ध झालं म्हणायचं, ही रीत वरच्या वर्गातल्या मुलांनीच आम्हाला सांगितली होती. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण त्या मुलांना मी दोष देणार नाही. उत्तर चुकलं तर गुण जातील ही भीती त्यांना आपल्या पद्धतीनेच घातली आहे.

दुसऱ्या वर्षी आमच्या गटाने एका चढावरच्या वस्तीत सर्वेक्षण केलं. विषय होता सार्वजनिक वाहतुकीची सोय. प्रश्नावलीत एक प्रश्न असा होता : "बसथांबा तुमच्या घरापासून किती अंतरावर आहे?" पुढे चार चौकटी : २५० मीटरपर्यंत, २५० ते ५००, ५०० ते १०००, त्याहून जास्त. एका दारात सत्तरीच्या आजी बसल्या होत्या. मी प्रश्न वाचला. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "जाताना जवळ, येताना लांब."

मी पुन्हा विचारलं, "साधारण किती मीटर, आजी?" त्या म्हणाल्या, "ते तू बघ. मी चालते, मोजत नाही."

मी दुसऱ्या चौकटीत खूण केली आणि पुढच्या दाराकडे गेले. आमच्याकडे पन्नास प्रश्नावल्या भरून घ्यायच्या होत्या आणि बस दोन वाजता निघणार होती.

त्यानंतर जीआयएसच्या प्रात्यक्षिकात तीच माहिती वापरून थांब्याभोवती ४०० मीटरचं वर्तुळ काढायचं होतं. वाहतूक नियोजनात बसथांब्यापर्यंत चालत जाण्याचं अंतर म्हणून ४०० मीटर हा आकडा सर्रास धरला जातो. मी बफरच्या, म्हणजे अशा वर्तुळाच्या अंतराच्या, रकान्यात ४०० टाकलं आणि पडद्यावरचा सगळा नकाशा एका रंगाने झाकून गेला. माझा स्तर, म्हणजे नकाशातला माहितीचा थर, अक्षांश-रेखांशांत होता, त्यामुळे संगणकाने ४०० अंश धरले होते. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. पूर्व-पश्चिम अंश तर विषुववृत्तापासून दूर जाऊ तसा आक्रसतो आणि ६० अंश अक्षांशावर निम्मा होतो. अंशात अंतर मोजायचंच नसतं. आधी नकाशा मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याच्या पद्धतीत, आणायचा असतो. प्रक्षेपणांचे गुणधर्म मी त्याआधी दोन वर्षं पाठ केले होते. परीक्षेत त्यांच्या आकृत्याही सुबक काढल्या होत्या. प्रक्षेपण निवडणं हा संशोधनातला निर्णय असतो, हे मला त्या दिवशी, पडदा झाकला गेल्यावर कळलं. प्रात्यक्षिकाच्या पुस्तिकेत मात्र कोणती बटणं कोणत्या क्रमाने दाबायची एवढंच होतं. त्यामुळे ज्यांचा स्तर योगायोगाने मीटरमध्ये होता त्यांचं उत्तर बरोबर आलं आणि त्यांना काहीच शिकायला मिळालं नाही.

वर्तुळ शेवटी नीट आलं. आजींचं घर त्याच्या काठावर, पण आतच होतं. अहवालात आम्ही लिहिलं : सोय उपलब्ध.

ते वाक्य मला पुढे वर्षभर टोचत राहिलं. शेवटच्या वर्षी वाचनात भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोब्लर यांचं चालण्याच्या वेगाचं सूत्र आलं. जवळच्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध दूरच्या गोष्टींपेक्षा अधिक असतो, हा भूगोलाचा पहिला नियम म्हणून ओळखला जाणारा विचार १९७० मध्ये मांडणारे हेच टोब्लर. १९९३ मध्ये त्यांनी उतार आणि चालण्याचा वेग यांचं एक साधं समीकरण दिलं. त्यानुसार माणूस सर्वांत वेगाने सपाटीवर चालत नाही, तर पाच टक्क्यांचा (शंभर मीटरला पाच मीटर) सौम्य उतार उतरताना, तासाला सहा किलोमीटर. सपाटीवर हा वेग पाचच्या आसपास येतो. दहा टक्क्यांच्या उतारावर उतरताना तो पाचच राहतो, पण तोच रस्ता चढताना साडेतीनवर येतो. मी वहीत गणित मांडलं : दहा टक्क्यांचा ४०० मीटर रस्ता, उतरायला पावणेपाच मिनिटं, चढायला पावणेसात.

जाताना जवळ, येताना लांब.

आजींनी एका वाक्यात मला अंतराविषयी जे सांगितलं होतं, ते समजून घेण्याइतकी माझी तयारी नव्हती. त्यांच्या उत्तराला माझ्या कागदावर चौकट नव्हती, म्हणून मी ते टाकून दिलं. ओढ्याच्या ३७ सारखंच.

मी पुन्हा त्या वस्तीत गेले. आजींनी ओळखलं नाही. ओळख करून दिली, त्यांच्यासोबत थांब्यापर्यंत गेले आणि परत आले. उतरताना सहा मिनिटं लागली. चढताना हातात पिशवी होती, त्या दोनदा थांबल्या, अकरा मिनिटं लागली. टोब्लर यांच्या सूत्रात फक्त उतार आहे. वय नाही, गुडघे नाहीत, पिशवी नाही. दुसऱ्यांदा थांबलो तिथे एक कठडा होता. त्या म्हणाल्या की हा कठडा पाडायचं चाललं आहे, रस्ता रुंद करायला. तो पाडला तर त्यांना मध्ये टेकायला जागाच राहणार नव्हती. माझ्या प्रश्नावलीत, बफरमध्ये किंवा उपग्रह प्रतिमेत तो कठडा कुठेच नव्हता.

माझा शेवटचा प्रकल्प त्या कठड्यापासून सुरू झाला. चढावरच्या वस्तीत थांब्यापर्यंतचं अंतर मीटरऐवजी वेळेत आणि विश्रांतीच्या जागांत मोजलं तर 'सोय उपलब्ध' असलेली किती घरं वगळली जातात, हा माझा प्रश्न. त्यासाठी मला जमिनीच्या उंचीचं संगणकीय प्रतिमान लागलं, जीपीएस लागलं, संख्याशास्त्र लागलं आणि लोकांसोबत चालत घेतलेल्या मुलाखतीही लागल्या. आपल्या अभ्यासक्रमात गुणात्मक आणि संख्यात्मक पद्धती दोन वेगळ्या प्रकरणांत असतात आणि त्यांतला फरक तक्ता करून विचारला जातो. आजींचं वाक्य आणि टोब्लर यांचं सूत्र या दोघांनी मिळून मला प्रश्न दिला. एकाच्याही अभावी तो सुचला नसता.

हाच अनुभव आपल्या विषयाच्या सर्वांत प्रसिद्ध उदाहरणातही आहे, पण आम्हाला ते अर्धंच शिकवलं जातं. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलरा पसरला, डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंच्या जागा नकाशावर मांडल्या, ठिपके एका पंपाभोवती दाटलेले दिसले आणि पंपाचा दांडा काढण्यात आला. आम्ही हे असंच लिहितो. प्रत्यक्षात कॉलरा पाण्यातून पसरतो हा विचार स्नो यांनी १८४९ मध्येच प्रसिद्ध केला होता. प्रश्न पाच वर्षं जुना होता. साथ आल्यावर ते घरोघर फिरले आणि विचारत सुटले की पाणी कुठून आणता. दांडा ८ सप्टेंबरला निघाला, तो प्रसिद्ध नकाशा त्यानंतर छापला गेला. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे त्यांनी न बसणाऱ्या आकड्यांकडे दिलेलं लक्ष. पंपाच्या जवळच एक आश्रयगृह होतं, ५३५ माणसांचं. तिथे मृत्यू फक्त पाच. जवळच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातले कामगारही वाचले होते. आमच्या शिक्षकांच्या दृष्टीने हे ३७ सेकंदच. स्नो यांनी ते खोडलं नाही, चौकशी केली. आश्रयगृहाला स्वतःची विहीर होती आणि कारखान्यातले कामगार पंपाचं पाणी पीत नव्हते.

त्याच भागात हेन्री व्हाइटहेड नावाचे धर्मोपदेशक होते. त्यांना स्नो यांचं म्हणणं पटलं नव्हतं. ते खोडून काढावं म्हणून त्यांनी स्वतःची चौकशी सुरू केली. ओळखीच्या घरांत ते पुन्हा पुन्हा गेले, आधी न भेटलेल्यांना गाठलं, दुसऱ्या भागांत निघून गेलेल्यांचाही माग काढला. शेवटी त्यांचं स्वतःचं मत बदललं. पंपाजवळच्या ४० क्रमांकाच्या घरातलं आजारी बाळ, त्याचे कपडे धुतलेलं पाणी आणि विहिरीला लागून असलेला गळका शोषखड्डा हा दुवा त्यांनी शोधला. एकदाच जाऊन परतले असते तर त्यांना तो सापडला नसता. संशोधन पद्धतीच्या पेपरात व्हाइटहेड यांचं नाव मी एकदाही ऐकलं नाही. माझ्या मते आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना त्यांच्याकडून शिकण्यासारखं सर्वांत जास्त आहे : आपण चुकलो असू शकतो असं धरून त्याच दारात परत जाणारा माणूस.

संख्याशास्त्राबद्दल थोडं. आम्हाला सहसंबंध गुणांक, म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने बदलतात ते उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान सांगणारा आकडा, हाताने काढायला लावतात, दहा जोड्यांचा, दोन दशांश स्थळांपर्यंत. गणित म्हणून ते ठीक आहे. पण त्या दहा जोड्या कशाच्या आहेत, माणसांच्या की प्रदेशांच्या, हे कोणी विचारत नाही. १९५० मध्ये समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून दाखवलं की परदेशात जन्म आणि निरक्षरता यांचा सहसंबंध राज्यांच्या पातळीवर उणे ०.५३ येतो, तर व्यक्तींच्या पातळीवर अधिक ०.१२. चिन्हच उलटं. कारण बाहेरून आलेले लोक ज्या राज्यांत स्थायिक झाले होते, तिथे मुळात साक्षरता जास्त होती. १९७९ मध्ये भूगोलतज्ज्ञ स्टॅन ओपनशॉ आणि पीटर टेलर यांनी अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या ९९ काउंटी (जिल्ह्यांसारखे विभाग) वेगवेगळ्या प्रकारे एकत्र करून पाहिल्या आणि त्याच दोन घटकांचा सहसंबंध जवळजवळ उणे एकपासून अधिक एकपर्यंत कुठेही नेता येतो हे दाखवून दिलं. सीमारेषा कुठे आखली यावर उत्तर बदलतं, याहून भूगोलाचा आणखी कोणता विषय असणार? एक दुपार आम्हाला संगणकावर सीमा हलवून उत्तर बदलताना पाहू दिलं, तर हाताने सोडवलेल्या वीस उदाहरणांपेक्षा ते जास्त लक्षात राहील.

सॉफ्टवेअरबद्दल माझी फारशी तक्रार नाही. नकाशांसाठीचं क्यूजीआयएस आणि संख्याशास्त्रासाठीचं आर मोफत आहेत, लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची छायाचित्रं २००८ पासून सर्वांना खुली आहेत, सेंटिनेल-२ उपग्रहांची दहा मीटर विभेदनाची (एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर) प्रतिमा कोणालाही उतरवून घेता येते. साधनं आहेत. मुलं ती भराभर शिकतातही.

आता माझी विनंती. क्षेत्रभेट एकदाच, लांबवर आणि चार-पाच दिवसांची, हा आजचा प्रघात आहे. नवा प्रदेश पाहण्याचा आनंद मी नाकारत नाही. मला तो मिळाला आहे. पण संशोधन शिकायचं तर जवळची एक साधी जागा हवी, जिथे आम्हाला त्याच प्रश्नासाठी पुन्हा जाता येईल. पहिल्या सत्रात जाऊन मोजावं, विचारावं, चुका कराव्यात. वर्गात येऊन आकडे मांडावेत आणि कुठे काय बसत नाही ते शोधावं. पुढच्या सत्रात त्याच जागी परत जावं आणि प्रश्न सुधारून पुन्हा विचारावा. संशोधन पद्धतीचा पेपर या दोन फेऱ्यांच्या मध्ये शिकवला जावा, कारण त्या वेळी आम्हाला तो खरोखर हवा असतो. स्तरित नमुना निवड म्हणजे काय हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. ती कशाला हवी हे मला आमच्या पन्नास प्रश्नावल्या पुन्हा पाहताना समजलं : आम्ही कामाच्या दिवशी अकरा ते दोन या वेळेत गेलो होतो, म्हणजे बसने कामाला जाणारी माणसं बसने निघून गेल्यावर आम्ही बससेवेबद्दल विचारत होतो.

याला विरोध काय होईल हे मला माहीत आहे. विद्यार्थी जास्त, शिक्षक कमी, वेळापत्रक भरलेलं. पण जागा जवळ असली तर प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च उरत नाही, आणि लांबच्या सहलीचे दिवस दोन-तीन फेऱ्यांत सहज वाटता येतात. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : मूल्यमापन कसं करायचं? माझं उत्तर असं की बांधून आणलेल्या अहवालाऐवजी क्षेत्रवही तपासा. तारीख, वेळ, हवामान, जागेचं रेखाटन, खोडलेले आकडे आणि ते का खोडले त्याचं कारण, न पटलेली उत्तरं, दुसऱ्या फेरीपूर्वी बदललेला प्रश्न. वही खोटी लिहिणं कठीण असतं. तोंडी परीक्षेत "तुमचा निष्कर्ष काय" याआधी "पहिल्यांदा गेलात तेव्हा काय चुकलं" हे विचारा. आणि गृहीतक चुकीचं ठरलं असं प्रामाणिकपणे दाखवणाऱ्याचे गुण कापले जाणार नाहीत, हे नियमावलीत स्पष्ट लिहा. एवढ्या एका ओळीने अर्धी बनवाबनवी थांबेल, असं मला मनापासून वाटतं.

शिक्षकांविषयी एक गोष्ट आदराने सांगते. आम्ही आमच्या शिक्षकांना संशोधन शिकवताना पाहिलं, करताना क्वचितच. त्यांच्या स्वतःच्या कामातला एखादा न सुटलेला प्रश्न त्यांनी वर्गात आणावा, गोंधळलेला तक्ता फळ्यावर मांडावा आणि "मला हे अजून कळलेलं नाही" असं म्हणावं. ज्या एका शिक्षिकेने हे केलं, त्यांचा तो तास मला आजही जसाच्या तसा आठवतो. त्यांनी गाळाच्या नमुन्यांचे दोन वेगवेगळे निकाल दाखवले होते आणि चूक चाळणीत आहे, वजनात आहे की नमुना घेण्यात, हे आम्हाला शोधायला सांगितलं होतं. तासाच्या शेवटीही उत्तर मिळालं नव्हतं. वर्गातून कोणी उठायला तयार नव्हतं.

आणखी एक गोष्ट अभ्यासक्रमात शोधून मला सापडली नाही. आजींनी पहिल्या भेटीत, मी निघताना विचारलं होतं, "या कागदाचं पुढे काय होणार?" मी म्हणाले, "कॉलेजमध्ये जमा करणार." त्या "बरं" म्हणाल्या. लोकांची संमती घेणं, त्यांचं नाव जपणं, आणि काय सापडलं ते परत जाऊन त्यांना सांगणं, हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. परत जायची सोयच नसेल तर सांगणार तरी कसं? वर्षानुवर्षं त्याच वस्त्यांत नवनवीन तुकड्या तेच प्रश्न घेऊन जातात आणि उत्तर घेऊन कोणीच परत येत नाही. अशा दारात चौथ्या वर्षी कोणी खरं का सांगावं? मी माझ्या प्रकल्पाचा दोन पानी सारांश आणि चालण्याच्या वेळेचा नकाशा त्या वस्तीत नेऊन दिला. आजींनी नकाशावर आपलं घर शोधलं, मग कठडा शोधला आणि तो दाखवलेला पाहून म्हणाल्या, "हा आहे बरं का इथे." पुढे रस्त्याच्या कामाबाबत बैठक झाली तेव्हा तिथल्या काही जणांनी तो नकाशा सोबत नेला. कठड्याचं काय होईल ते ठरायचं आहे.

अभ्यासक्रमाची फेररचना करताना विद्यार्थ्यांचं म्हणणं ऐकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आपल्याकडेही असेल. तिथे मला बोलायला बोलावलंत तर मी जरूर येईन. माझी पहिल्या वर्षाची वही अजून माझ्याकडे आहे. त्या पानावर २१ आणि २४ नीट लिहिलेले आहेत, त्यांच्याखाली ३७ वर दोन आडव्या रेघा आणि शेजारी २२. शेवटच्या वर्षी परतून आल्यावर मी रेघांच्या बाजूला पेन्सिलीने वळण, दोन दगड आणि उलटं फिरणारं पाणी काढलं आहे. ते पान मी सोबत घेऊन येईन.

आपली नम्र,
भूगोलाची एक विद्यार्थिनी